उलटविणें आणि जतन करणें

मारुंजीच्या वेशीशीं हिंजवडीची उद्योगनगरी उभी राहिली, आणि तेथील संगणकांचें वारें आमच्या विज्ञानवर्गांतहि शिरलें. आमचे विद्यार्थी आतां पायमॉल नांवाच्या प्रणालीनें रेणूंचे आकार पडद्यावर फिरवून पाहतात. वॉरेन डीलॅनो यांची ही प्रणाली इ. स. २००० पासून प्रचारांत आहे. रेणूंच्या रचना १९७१ सालीं स्थापन झालेल्या प्रोटीन डेटा बँकेंतून विनामूल्य मिळतात.

गेल्या प्रदर्शनासाठीं एका विद्यार्थ्यानें हिमोग्लोबिनचें चित्र करावयास घेतलें. पहिल्या दिवशींचें काम त्यानें जतन केलें होतें. दुसऱ्या दिवशीं चारहि साखळ्यांस निरनिराळे रंग देऊन झाल्यावर, पाण्याचे रेणू तेवढे काढावे म्हणून त्यानें आज्ञा दिली. परंतु ती प्रथिनाबाहेरील सर्वच अणूंस लागू पडली. पाण्याबरोबर चारहि हीम गेले आणि त्यांतील लोहहि गेलें. ज्या लोहाच्या आधारें रक्त प्राणवायु वाहून नेतें, तेंच नाहींसें झालें!

त्यानें उलटविण्याची आज्ञा दिली. पण त्याच्या जुन्या आवृत्तींत ती आज्ञा हालविलेल्या अणूंस पूर्वस्थानीं नेई. काढून टाकलेले अणु परत आणीत नसे. गोंधळून तो त्याच नांवानें काम जतन करूं लागला, तोंच आम्हीं त्याचा हात धरिला. तसें झालें असतें, तर आदल्या दिवशींची चांगली प्रतहि बुडाली असती. ती प्रत पुन्हां उघडली. एका दिवसाचे श्रम गेले, एका दिवसाचे वांचले.

विद्यार्थीहो, जतन करणें ही कृति भलेंबुरें पाहत नाहीं. चूक असेल तर चूकहि ती तितक्याच इमानानें सांभाळते. म्हणून कांहीं काढण्यापूर्वीं निराळ्या नांवानें प्रत ठेवावी. जें लपवून भागतें, तें काढूं नये. लपविलेलें पुन्हां दाखवितां येतें. दिलेल्या आज्ञांची नोंद प्रणालीकडूनच फाइलींत लिहवून घ्यावी. म्हणजे काम पुन्हां करणें सोपें जातें.

लोहाविना तें चित्र दिसावयास सुंदरच होतें, आणि पाहणाऱ्या बहुतेक पालकांस उणीव कळलीहि नसती. म्हणूनच ती करणाऱ्यास कळली पाहिजे. प्रदर्शनांत त्या मुलानें पाणी लपविलें होतें, आणि लोहाचे चारहि अणु तांबड्या रंगांत ठळक दाखविले होते.