ओव्हनमधलं वाळवण

रत्नागिरी,
14 डिसेंबर

चि. सौ. मुक्तास,


परवा तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, धड बोलता आलं नाही. शिवाय भाज्यांचे चिप्स ओव्हनमध्ये कसे करायचे हे फोनवर घाईघाईत सांगण्यासारखं नाहीच. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

तुझ्या लेकरासाठी, ओजससाठी, तू आणतेस त्या चिप्सच्या पाकिटावर बीट, भेंडी, रताळ्याची चित्रं असतील, पण पाकीट उलटं करून मागचा बारीक मजकूर वाच. शंभर ग्रॅममागे स्निग्धांश किती, सोडियम किती, ते तिथे छापलेलं असतं. असे बरेचसे चिप्स तळलेलेच असतात. कमी दाबाखाली आणि कमी तापमानाला तळल्यामुळे भाजीचा रंग टिकतो, तेल मात्र पोटात जातंच.

आता मुख्य गोष्ट. ओव्हनमध्ये आपण तळण करत नाही, वाळवण करतो. कढईत 175-180 अंशांचं तेल चकतीतलं पाणी दोन-तीन मिनिटांत वाफ करून बाहेर काढतं. झाऱ्यावर घेतलेली चकती निवायला लागली, की त्या रिकाम्या झालेल्या छिद्रांतून बाहेरचं तेल आत शिरतं. तळलेल्या बटाटा वेफरच्या वजनात साधारण एक तृतीयांश तेल असतं ते यामुळे. गरम हवेला तेलाइतक्या झटक्यात उष्णता देता येत नाही, म्हणून वेळ द्यावा लागतो. तुझी आजी वैशाखात गच्चीवर बटाट्याचा कीस आणि सांडगे घालायची, तेव्हाचे सगळे नियम इथेही लागू: जाडी सारखी हवी, एकावर एक काही पडता कामा नये, खालून हवा लागली पाहिजे आणि आच वाढवून घाई करायची नाही.

चकत्या वेफरच्या किसणीनेच कर. सुरीवर कितीही हात बसलेला असला तरी एक कड जाड, एक पातळ होते. पातळ कड करपते तोवर जाड कड चामट राहते. दीड ते दोन मिलिमीटर जाडी पुरे. चकती उजेडात धरलीस तर मागच्या बोटाची सावली दिसली पाहिजे. मग सुती पंचावर पसरून वरून दुसऱ्या पंचाने टिपून घे. पंचा जुना घे, बिटाचे डाग जात नाहीत. अर्धा किलो चकत्यांना दोन छोटे चमचे तेल पुरतं. परातीत घेऊन हातानेच चोळ, म्हणजे प्रत्येक चकतीला दोन्ही बाजूंनी ओशटपणा लागेल.

ओव्हन 150 अंशांवर आधी तापू दे. ट्रेपेक्षा जाळी बरी. ट्रेच वापरलास तर बेकिंगचा कागद घाल आणि अर्ध्या वेळाने चकत्या उलट. आतल्या बाजूला आच जास्त लागते म्हणून तेव्हाच ट्रेची दिशाही बदल. एका वेळी एकच ट्रे ठेव. शेवटची दहा मिनिटं दारात लाकडी चमचा अडकवून फट ठेव. आत कोंडलेली वाफ निघून जाते, आणि कुरकुरीतपणा खरा त्यानेच येतो.

बिटाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण बहुतेकांचं बीटच बिघडतं. बिटात साखर पुष्कळ. गरम असताना ती मऊ असते, म्हणून चकती लवचीकच लागते. ती बघून आपण आणखी पाच मिनिटं ठेवतो आणि बीट काळं, कडू होतं. तेव्हा कडा आत वळायला लागल्या, पृष्ठभागावरची ओली चमक गेली आणि रंग जांभळ्याकडून मातकट लालकडे झुकला, की मधला भाग नरम असला तरी बाहेर काढ. जाळीवर निवू दे. चार-पाच मिनिटांत ती चकती कडक होते, मोडली तर कट्टकन आवाज येतो. नाहीच आला, तर पुन्हा पाच मिनिटं आत जाऊ शकते, पण करपलेलं बीट परत येत नाही. पस्तीस-चाळीस मिनिटं हा ढोबळ हिशेब, शेवटी तुझा ओव्हन तुलाच ओळखावा लागेल. गाजर आणि रताळंही याच जातीचं. मात्र एका ट्रेवर दोन भाज्या एकत्र घालू नकोस, त्यांच्या वेळा जुळत नाहीत.

बटाट्याच्या चकत्या अर्धा तास पाण्यात ठेव आणि पाणी बदल. वरचा स्टार्च आणि साखर धुऊन गेली की रंग सोनेरी येतो. यामागे आणखी एक कारण आहे. 2002 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की बटाट्यासारखे पिष्टमय पदार्थ 120 अंशांच्या वर तळले किंवा भाजले की त्यांत ॲक्रिलामाइड नावाचं द्रव्य तयार होतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने कर्करोग झालेला दिसला आहे. भाजलेलं म्हणून त्यातून सुटका नाही. रंग जितका गडद तितकं ते जास्त, म्हणून बटाटा तांबूस होण्याआधी काढायचा. आणि चिप्ससाठीचे बटाटे फ्रिजमध्ये कधीच ठेवू नकोस. थंडीत त्यांच्यातल्या स्टार्चची साखर होते आणि ते लगेच काळवंडतात. तुमच्या पुणे जिल्ह्यातच, आंबेगावकडच्या सातगाव पठारावर, शेतकरी वेफरच्या कंपन्यांसाठी वेगळ्या जातींचा बटाटा लावतात. त्यात पाणी आणि साखर कमी असते. मंडईतल्या बटाट्याकडून तेवढी अपेक्षा धरू नकोस. म्हणून माझं मत विचारशील तर ओव्हनसाठी बटाट्यापेक्षा कच्चं केळं सरस. साखर जवळजवळ नाही. हळद घातलेल्या ताकात चकत्या बुडवून काढल्यास की काळ्या पडत नाहीत, चवही येते.

सुरण घेतलास तर चकत्या आधी चिंचेच्या किंवा कोकमाच्या पाण्यात ठेव, नाहीतर घसा खाजेल. कारल्याच्या चकत्यांना मीठ चोळून वीस मिनिटांनी घट्ट पिळ, मग भाज. कारलं ओजस खाणार नाही असं गृहीत धरू नकोस. आमचूर भुरभुरलेलं कुरकुरीत कारलं मुलं खातात, मी पाहिलं आहे. पालकाची पानं आठ-दहा मिनिटांत होतात, त्यांच्यापासून हलू नकोस.

मसाल्याचं गणित वेळेवर अवलंबून आहे. हळद, धने-जिरेपूड तेलातच कालव, त्यांना भाजणं मानवतं. लाल तिखट आधी घातलंस तर चाळीस मिनिटांत काळं पडून कडू होतं, ते शेवटच्या पाच मिनिटांत. आमचूर, मिरपूड, मेतकूट हे बाहेर काढल्यावर, चकत्या गरम आहेत तोवर. मेतकूट केळ्यावर फार सुरेख लागतं. रताळ्यावर जिरं आणि तिखट, म्हणजे उपासालाही चालतात. सुरणावर चिमूटभर गोडा मसाला.

मीठ मात्र अगदी शेवटी, आणि हे तुझ्या सासूबाईंच्या बीपीसाठी विशेष लिहिते. बिटात शंभरात सत्त्याऐंशी भाग पाणी असतं. अर्ध्या किलो सोललेल्या बिटाचे सत्तर ग्रॅमच्या आसपास चिप्स होतात. भाजी सातव्या हिश्श्यावर येते, मीठ तेवढंच राहतं. कच्च्या चकत्यांवर बेताचं वाटलेलं मीठ भाजल्यावर खारट लागतं ते त्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितलं आहे. अर्ध्या किलोला पाव छोटा चमचा, म्हणजे दीड ग्रॅमच्या आसपास, पुष्कळ झालं. आमचूर सोबत असला की मिठाची उणीव भासत नाही.

हाच हिशेब खाण्यालाही लाव. अर्धा किलो बीट कोशिंबीर करून एकटं कोणी संपवणार नाही, पण चिप्स होऊन ते वाटीभरात मावतं आणि गप्पांच्या नादात संपतं. त्यातली साखर सगळी तिथेच असते. घरात कोणाला मधुमेह असेल तर बीट-रताळ्याऐवजी कारलं, भेंडी, पालक कर. तेल कमी झालं म्हणून डबा मांडीवर घेऊन बसायचं नाही, वाटीत काढून द्यायचं. आणि जेवणातली कोशिंबीर, पालेभाजी यांच्या जागी चिप्स आणू नकोस. चाळीस मिनिटांच्या आचेत क जीवनसत्त्व बरंचसं जातं. चिप्स हा चारच्या चहाबरोबरचा खाऊ आहे, आणि त्या जागी तो खरोखर चांगला आहे.

पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरू नकोस. इथल्या दमट हवेत माझे चिप्स संध्याकाळपर्यंत नरम पडतात, तुमच्या पुण्याच्या कोरड्या थंडीत तीन-चार दिवस राहतील. सादळले तर 100 अंशांवर पाच-सात मिनिटं पुन्हा ठेव.

एक सांगायचं राहिलं. आमच्याकडचे फणसाचे गरे ओव्हनमध्ये करून पाहायचं मनात आणू नकोस. ते खोबरेल तेलात तळलेलेच खावेत, वर्षातून एकदा, मन भरून. मे महिन्यात या, मी करून घालीन.

तोवर या रविवारी दोन कच्ची केळी आण आणि त्यांच्यापासूनच सुरुवात कर. चकत्या पंचावर पसरायचं आणि मेतकूट भुरभुरायचं काम ओजसकडे दे. स्वतः केलेलं असलं की मुलं पाकीट मागत नाहीत. कसे झाले ते कळव. जावयांना आणि सासूबाईंना नमस्कार सांग.

तुझी,
मावशी