आधी मालगाडी, मग आपण

नायगारा, टोरंटो, मॉन्ट्रियल, बॅन्फ, व्हँकुव्हर आणि जमलंच तर चर्चिलची पांढरी अस्वलं, अशी यादी दाजींनी मिरजेहून व्हॉट्सअॅपवर पाठवली. खाली लिहिलं होतं, "पंधरा दिवसांत आरामात होईल." माझी मुलगी मिसिसागाला असते. तिने यादी वाचून एवढंच विचारलं, "बाबा, यातलं काय गाळायचं ते तुम्ही मामांना सांगणार की मी सांगू?"

सांगायचं काम माझ्याकडेच आलं. कॅनडा जवळजवळ एक कोटी चौरस किलोमीटरचा देश. माणसं मात्र चार कोटींच्या घरात, तीही बहुतेक अमेरिकेच्या सीमेलगत दाटलेली. एकट्या ऑन्टारिओ प्रांतात साडेतीन महाराष्ट्र मावतात. टोरंटोहून पश्चिमेला गाडी हाकली, तर मॅनिटोबाची हद्द लागेपर्यंतच एकोणीसशेच्या आसपास किलोमीटर होतात. कोल्हापूरहून दिल्ली गाठली तरी एवढं अंतर होत नाही. हा आकडा ऐकून दाजी थोडे नरमले.

चर्चिल लगेच गळलं. तिथे जायला रस्ताच नाही. विनिपेगहून विमान, नाहीतर दोन रात्रींची रेल्वे. अस्वलं हडसन उपसागर गोठायची वाट पाहत किनाऱ्यावर जमतात ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि आम्ही निघणार सप्टेंबरच्या सुरुवातीला. मॉन्ट्रियल आणि व्हँकुव्हर मी गाळली. काचेच्या इमारती पाहायला माणसाने एवढ्या लांब जाऊ नये, असं माझं मत आहे. ते घरात कुणालाही मान्य नाही.

सप्टेंबर मुलीने सुचवला. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडच्या डोंगरांत गर्दी मावत नाही, शिवाय वणव्यांचा धूर. 2024 च्या जुलैमध्ये जास्परमध्ये आग घुसली आणि गावातल्या जवळजवळ एक तृतीयांश इमारती जळाल्या. मुलीच्या ऑफिसातल्या काहींची त्या आठवड्याची बुकिंगं होती, त्यामुळे ती हे फार गांभीर्याने घेते. हिची अट एकच होती, डोंगरात मुलगी बरोबर हवी. नातवाची शाळा सुरू झालेली असणार, म्हणून जावई त्याच्यासाठी घरी थांबणार.

दाजींचं खरं मन रेल्वेत होतं. मिरजेला गार्ड म्हणून नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. टोरंटो-व्हँकुव्हर गाडी 4,466 किलोमीटर धावते आणि तिला 1955 सालचे स्टेनलेस स्टीलचे डबे अजून लागतात, हे कळल्यावर त्यांना दुसरं काही सुचेना. गाडी आठवड्यातून दोनदा सुटते आणि व्हँकुव्हरला पोचायला चार रात्री घेते. आम्ही तिसऱ्या रात्रीनंतर जास्परला उतरायचं ठरवलं. उत्तर ऑन्टारिओत खडक, तळी आणि सूचिपर्णी झाडं यांखेरीज काही नाही. काही ठिकाणी आधी कळवून ठेवलं तर गाडी रानातच थांबते, लोक सामानासकट उतरून आपापल्या तळ्याकडे जातात. ही माहिती मी दाजींना मुद्दाम फोनवर वाचून दाखवली.

दुसरी माहिती द्यावी की नाही, याचा मी विचार करत होतो. रूळ मालवाहतूक कंपनीचे आहेत. त्यामुळे समोरून दोन-दोन, तीन-तीन किलोमीटर लांबीची मालगाडी आली की पॅसेंजर बाजूला उभी राहते. कधीकधी काही तास.

"पाव्हणं, पॅसेंजर लूपला आणि मालगाडी मेनलाइनला? आमच्यात असं केलं असतं तर चार्जशीट मिळालं असतं."

चार्जशीट तिथे कुणाला मिळत नाही, म्हणून जास्परला पोचण्याच्या दिवशी आम्ही मुक्कामापलीकडे काहीच ठेवलं नाही. मुलगी विमानाने एडमंटनला येईल, तिथून भाड्याची गाडी घेऊन जास्परला. मग आइसफील्ड्स पार्कवेने लेक लुईस, पुढे बॅन्फ, कॅल्गरीहून विमानाने परत. पार्कवे 230 किलोमीटरचा. मोबाइलला रेंज जवळजवळ नाही आणि पेट्रोल वाटेत एकाच ठिकाणी. एडमंटनला घेतलेली गाडी कॅल्गरीला सोडायची तर वेगळे पैसे पडतात. तेवढ्यावर दाजींशी दोन दिवस वाद झाला.

सगळ्यात जास्त घाम मोरेन तळ्याने काढला. जुन्या वीस डॉलरच्या नोटेवर असलेलं ते निळं तळं अक्काला पाहायचंच होतं. हिमनदीने दळलेल्या खडकाची पूड पाण्यात तरंगते, तिच्यामुळे तो रंग येतो. 2023 पासून तिथे खासगी गाड्यांना बंदी आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या बसचं आरक्षण एप्रिलमध्ये उघडतं, त्यांच्या सकाळी आठला म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेसातला. मी कोल्हापुरात लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून बसलो, कारण ब्रॉडबँडवर माझा विश्वास नाही. पडद्यावर रांगेतला नंबर आला. अक्का फोनवर लाइन धरून. "पुढं सरकलं का?" दर मिनिटाला. ही मधेच दिवा लावायला उठली, तर अक्काने तिकडून तिलाही बसवलं. आमचा नंबर लागेपर्यंत उजाडल्यानंतरच्या बऱ्याचशा वेळा संपल्या होत्या. आम्हाला मिळाली ती सकाळी फार लवकरची बस. अक्का म्हणाली, "मिळाली ना? मग झालं."

अस्वलांना पळवायचा स्प्रे विमानात नेता येत नाही; तो जास्परमध्येच घ्यायचा. अस्वलापासून शंभर मीटर आणि एल्क हरणापासून तीस मीटर लांब राहायचा नियम मुलीने कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. त्यावर दाजींनी अंगठा दाखवला. व्हिसासाठी बोटांचे ठसे देऊन झालेत.

आता प्रश्न गाडीतल्या झोपण्याच्या जागांचा उरला आहे. दिवसा समोरासमोर बाकं, रात्री त्यांचा खालचा बर्थ, त्यावर वरचा, मधे जाड पडदे. चौघांत खालचे दोन आणि वरचे दोन मिळालेत. अक्का म्हणते, गुडघे माझे दुखतात. ही म्हणते, रात्री उठायला मलाच लागतं. दाजींनी फोन करून कळवलं की गार्डाच्या डब्यात त्यांनी उभी हयात घालवली आहे, तेव्हा वरचा त्यांना चालेल, पण खिडकी खालच्याच बर्थला असते आणि मालगाडी मोजायला खिडकी लागते.