क्युबिटच्या चुका आणि इतर टिपणे

क्वांटममध्ये संशोधनाला कुठला विषय घ्यावा, असं एम.एस्सी.ची मुलं हल्ली फार विचारतात. बहुतेकांच्या मनात वेग असतो. अमुक कामाला महासंगणकाला हजारो वर्षं लागतील आणि क्वांटम संगणक ते मिनिटांत उरकेल, अशा बातम्या वाचून ती आलेली असतात. माझं उत्तर ठरलेलं आहे : वेग सोडा, चुका घ्या. या क्षेत्रातलं खोल पाणी तिथे आहे.

*

क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकाचा बिट. सुपरकंडक्टिंग क्युबिट निरपेक्ष शून्यापासून जेमतेम अंशाच्या शंभराव्या भागाइतक्या तापमानाला ठेवतात. तरीही त्याची स्थिती काही मायक्रोसेकंदांत, फार तर मिलिसेकंदभरात विरते. उत्तम यंत्रांतही दोन क्युबिटांवरच्या हजार क्रियांमागे एखाद-दुसरी चूक होतेच. आता आरएसए या गुप्तलेखन पद्धतीची २०४८ बिटांची किल्ली फोडायची तर अब्जावधी क्रिया लागतात. या दोन आकड्यांमधली दरी बुजवणं हेच खरं काम.

*

साध्या संगणकात उपाय सोपा : एका बिटाच्या तीन प्रती ठेवा आणि बहुमत घ्या. क्वांटममध्ये हा रस्ता तीन ठिकाणी अडतो. अज्ञात स्थितीची प्रत काढताच येत नाही. वूटर्स आणि झुरेक यांनी, व स्वतंत्रपणे डीक्स यांनी, १९८२ मध्ये ते सिद्ध केलं. चूक झाली का हे पाहायला जावं, तर मोजमापानेच स्थिती मोडते. शिवाय चूक अर्धवटही असते : क्युबिट पूर्ण उलटलेला नसतो, थोडासा कललेला असतो. क्वांटम संगणक हे स्वप्न आहे की दुःस्वप्न, असा प्रश्न हारोश आणि रेमाँ यांनी १९९६ मध्ये जाहीरपणे विचारला होता. प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेल्या माणसांची ती शंका होती आणि ती रास्त होती.

*

पीटर शॉर यांची १९९५ ची युक्ती. एका क्युबिटची माहिती नऊ क्युबिटांत पसरवायची. या नऊ प्रती नव्हेत. माहिती कुठल्याही एका क्युबिटात राहत नाही, ती त्यांच्या परस्परसंबंधात राहते. मग क्युबिटांना ‘तू शून्य की एक?’ असं विचारायचंच नाही. ‘तुम्ही दोघे सारखे आहात का?’ एवढंच विचारायचं. शेजारी बसलेल्या दोन मुलांची उत्तरं जुळतात का हे बाईंनी विचारावं, पण उत्तर काय ते विचारू नये, तसं. चूक कुठे आहे ते कळतं आणि जपायची माहिती उघडी पडत नाही.

आणि कललेल्या क्युबिटचं काय? ‘सारखे आहात का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही एवढीच उत्तरं आहेत. त्यामुळे अर्धवट चुकीलाही एक बाजू घ्यावी लागते : एकतर ती पूर्ण होते, नाहीतर नाहीशी होते. ज्या मोजमापाने स्थिती मोडते त्याच मोजमापाने चूक पकडीत येते. याहून सुंदर युक्ती मला ठाऊक नाही.

*

कागदावरची युक्ती यंत्रात उतरायला किती वेळ लागतो पाहा. पुढे किताएव्हसारख्यांच्या कामातून पृष्ठ-कोड आले. त्यांत क्युबिट चौकटीच्या जाळ्यात मांडतात. चुकांचं प्रमाण सुमारे एक टक्क्याच्या खाली आणलं तर जाळं मोठं करत जाल तशी एकूण चूक कमी होते, असं सिद्धान्त सांगतो. त्या उंबरठ्याच्या वर असाल तर मोठ्या जाळ्याने चूक वाढते. गूगलच्या गटाने २०२४ मध्ये विलो चिपवर कोडचं अंतर, म्हणजे जाळ्याची बाजू, ३ वरून ५ आणि ५ वरून ७ केलं, आणि प्रत्येक पायरीला चूक निम्म्याहून कमी झाली. सगळ्यात मोठ्या जाळ्यात १०१ क्युबिट होते. दर फेरीला चूक ०.१४३ टक्के. जपलेली माहिती चिपवरच्या सर्वोत्तम एकट्या क्युबिटपेक्षा २.४ पट जास्त टिकली. त्याच सुमारास गाजलेल्या वेगाच्या आकड्यांपेक्षा मला हा २.४ मोठा वाटतो.

*

याच प्रयोगात एक विषय लपला आहे, ज्याला शीतयंत्र लागत नाही. मोजमापाची एक फेरी साधारण १.१ मायक्रोसेकंदाची. प्रत्येक फेरीनंतर हो-नाहीचा ढीग येतो आणि त्यावरून चूक कुठे झाली असावी हे साध्या संगणकाला ओळखायचं असतं. तो मागे पडला तर ढीग साचत जातो. म्हणजे हा आलेखशास्त्राचा आणि जलद प्रोग्रामिंगचा प्रश्न. आपल्याकडच्या संगणकशास्त्राच्या मुलांनी यात उडी घ्यायला हवी.

*

क्रेग गिडनी आणि मार्टिन एकेरो यांनी २०१९ मध्ये हिशेब मांडला : २०४८ बिटांची आरएसए किल्ली फोडायला दोन कोटी भौतिक क्युबिट आणि आठ तास लागतील. मे २०२५ मध्ये गिडनी यांनीच तो आकडा दहा लाखांच्या आत आणला. वेळ मात्र आठवड्यापर्यंत गेला. यंत्राबद्दलची गृहीतकं जवळपास तीच होती. ही घट विचारातून झाली. अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम हल्ल्याला टिकणारी नवी मानकं जाहीर केली ती वेळेवरच म्हणायची, कारण आज चोरून साठवलेला मजकूर उद्या उघडता येतो.

*

इविन टँग. ऑस्टिनच्या विद्यापीठात पदवीची विद्यार्थिनी, वय १८. स्कॉट आरॉन्सन यांनी दिलेला विषय असा : शिफारशी सुचवण्याचं काम क्वांटम पद्धत जितक्या झटपट करते तितकं साध्या संगणकाला जमणार नाही, हे सिद्ध कर. २०१८ मध्ये टँग यांनी उलटंच दाखवलं. साध्या संगणकाची जलद पद्धत शोधूनच काढली. क्वांटमचा एक दावा खाली आला आणि ज्ञान पुढे गेलं. असाही प्रबंध असतो, हे मुलांना मुद्दाम सांगावं.

*

वैद्यनाथ मिश्र आणि ई. सी. जी. सुदर्शन, १९७७ : अस्थिर प्रणालीचं वारंवार मोजमाप करत राहिलं तर तिचं बदलणं थबकतं. झेनोच्या नावाने ओळखला जाणारा हा परिणाम १९९० मध्ये बोल्डरच्या प्रयोगशाळेत बेरिलियमच्या आयनांवर दिसला. केरळचे सुदर्शन रोचेस्टरला जाण्याआधी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. चूक दाबून धरण्याच्या आजच्या काही योजना याच कल्पनेवर उभ्या आहेत.

*

आपल्याकडचं. राष्ट्रीय क्वांटम मिशनला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. मुदत २०३०-३१ पर्यंत, रक्कम ६,००३.६५ कोटी रुपये. संवेदन आणि मापनाचं केंद्र पवईच्या आयआयटीकडे आलं. हिऱ्यात कार्बनच्या एका अणूजागी नायट्रोजन आणि त्याला लागून रिकामी जागा असेल, तर तो दोष नेहमीच्या तापमानालाही सूक्ष्म चुंबकीय क्षेत्र ओळखतो. संगणकात जो हळवेपणा घात करतो तोच इथे कामाला येतो. कुलाब्यात टाटा संस्थेने डीआरडीओच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेसह आणि टीसीएससह सहा क्युबिटांचा प्रोसेसर तयार करून तपासला. ते २०२४ मध्ये जाहीर झालं. सहा हा आकडा लहान म्हणून कुणी नाक मुरडू नये. क्युबिट घडवण्यापासून तो वाचण्यापर्यंतची साखळी ज्यांच्या हाताखालून जाते, तेच पुढे साठ करतील.

*

विषय शोधणाऱ्यांना एवढंच सांगणं : आधी तीन क्युबिटांचा कोड वहीत सोडवा. पहिला-दुसरा सारखे का, दुसरा-तिसरा सारखे का, हे दोनच प्रश्न. त्यांच्या उत्तरांच्या चार जोड्या होतात : एकही क्युबिट उलटला नाही, पहिला उलटला, दुसरा उलटला, तिसरा उलटला. मग एकच क्युबिट पण कसाही बिघडला तरी सावरणारा, पाच क्युबिटांचा कोड घ्या. त्याहून कमी क्युबिटांत ते जमतच नाही. का जमत नाही हे स्वतः सिद्ध करा, आणि मगच मार्गदर्शकाचं दार ठोठवा.