दुसरा दोर

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझ्याआधीच्या पिढ्या चढल्या त्या माडांवर. वडील पाडेली आहेत. लोकांच्या बागांतले नारळ उतरवून देणे हा त्यांचा धंदा. माझी फी आणि वसतिगृहाचा खर्च त्यातूनच भागतो. त्यामुळे झाडावर चढणे ही कुणाची हौस असू शकते, हे मला फार उशिरा कळले, आणि तेही आपल्या ग्रंथालयात.

भूगोलाच्या तासाला सूचिपर्णी अरण्यांचा भाग चालला होता. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील रेडवूड आणि डग्लस फर या वृक्षांची उंची ऐकून मी तासानंतर सरांना विचारले, "सर, एवढ्या उंच झाडावर माणूस चढतो का?" सरांनी उत्तर न देता रिचर्ड प्रेस्टन यांचे 'द वाइल्ड ट्रीज' (२००७) हे पुस्तक हाती ठेवले. शब्दकोश शेजारी घेऊन मी ते वाचले, आणि मग या विषयावरचे मिळेल ते वाचत गेलो.

२००६ साली कॅलिफोर्नियात 'हायपेरियन' नावाचा रेडवूड सापडला. त्याच्या शेंड्यावरून फीत खाली सोडून मोजले, तेव्हा उंची भरली ११५.५५ मीटर! आमच्या बागेतले चार-पाच माड एकावर एक उभे करावेत, तेव्हा कुठे त्याची बरोबरी व्हायची. पुढे त्याला पाहायला येणाऱ्यांच्या पायांखाली भोवतालची जमीन तुडवली गेली, म्हणून २०२२ मध्ये तेथे जाण्यास बंदीच घालण्यात आली.

ज्याने ही फीत सोडली तो स्टीव्ह सिलेट १९८७ मध्ये कॉलेजात शिकत होता. वय एकोणीस, म्हणजे माझ्याएवढेच. त्या वर्षी तो एका प्रचंड रेडवूडवर दोराशिवाय चढला. मोठ्या झाडाच्या फांद्या हाताला येत नव्हत्या, म्हणून शेजारच्या लहान झाडावर चढून त्याने तेथून उडी घेतली आणि फांदी पकडली! वाचताना माझ्या पोटात गोळा आला. परंतु मला खरे विशेष वाटले ते पुढचे. हाच सिलेट नंतर दोराचे तंत्र शिकला, प्राध्यापक झाला आणि या वृक्षांच्या शेंड्यांवरच्या सृष्टीचा अभ्यास करू लागला. उडी मारण्याचे धाडस असलेल्या माणसालाही दोर शिकावासा वाटला, ही गोष्ट मनात घर करून राहिली.

हौसेने झाडांवर चढणारी माणसे तिकडे पुष्कळ आहेत. पीटर जेन्किन्स यांनी १९८३ मध्ये अटलांटा शहरात अशा लोकांची संस्थाच काढली. यांची रीत पाहण्यासारखी असते. आधी झाडाभोवती फिरून ते खालूनच झाड वाचतात. शेंडा वाळलेला आहे का, गांधीलमाश्यांचे पोळे आहे का, जवळून विजेच्या तारा गेल्या आहेत का, हे पाहतात. मग वजन बांधलेली बारीक दोरी उंच फांदीवरून फेकतात. झाड फारच उंच असेल तर धनुष्यबाण घेतात. त्या दोरीला बांधून जाड दोर वर ओढायचा. एवढ्यावर कोणी चढत नाही. आधी जमिनीवरच दोघांनी मिळून त्या दोराला लोंबकळून पाहायचे. दोघांचा भार फांदीने पेलला, तरच एकाने चढायचे.

दोरावर चढण्यासाठी एक सरकती गाठ असते. तिचा एक प्रकार कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ मध्ये प्रसिद्ध केला. भार नसताना ही गाठ वर सरकते आणि भार पडला की दोराला मगरमिठी मारते. हात सुटले तरी गाठ सुटत नाही. बुटांना लोखंडी खिळे लावून चढणे हौशी लोक निषिद्ध मानतात, कारण त्याने झाडाच्या जिवंत सालीला जखमा होतात.

सूचिपर्णी झाडांचा एक दगा असा, की त्यांच्या मेलेल्या फांद्या वर्षानुवर्षे खोडाला तशाच चिकटून राहतात. दिसतात भक्कम, आणि भार पडला की काडकन मोडतात. म्हणून भरवसा ठेवायचा तो हिरव्या फांदीवर, तोही खोडालगत. दोर एकाच फांदीवर न ठेवता, बऱ्याच फांद्यांच्या वरून खोडाभोवती घ्यायचा. आणि सगळ्यांत मोठा नियम हा, की अंगाशी दुसरा आखूड दोर ठेवायचा. फांदी ओलांडताना पहिला दोर सोडावा लागतो. तेव्हा दुसरा बांधल्याशिवाय पहिला सोडायचा नाही. जमिनीवर पाय टेकेपर्यंत माणूस क्षणभरही मोकळा राहता कामा नये.

हे वाचताना सारखे वडील डोळ्यांपुढे येत. पायात काथ्याची वळी, कमरेला कोयता, आणि बाकी सारा हातापायांचा भरवसा. आमच्या वाडीतले एक पाडेली काका पावसाळ्यात शेवाळलेल्या माडावरून घसरले, ते अजून अंथरुणावर आहेत. तरी त्यांचा विषय निघाला की माणसे म्हणतात, "नशीब!" मौजेसाठी चढणाऱ्याला दोन दोर, आणि पोटासाठी चढणाऱ्याला नशीब, हा कुठला न्याय?

सुट्टीत घरी गेल्यावर मी हे सगळे वडिलांना सांगितले. ते हसले. म्हणाले, "झिला, दोर कित्याक? माड माका वळाखता." मेलेल्या फांद्यांचे सांगितले तेव्हा मात्र त्यांनी मान हलवली. "आमचाय तसाच. सुक्या चुडताक हात घालूचो नाय." सातासमुद्रापलीकडची माणसे पुस्तकात लिहितात तो नियम माझ्या वडिलांच्या हातांना शाळेशिवाय ठाऊक होता! पण पुढे त्यांनी जे विचारले त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. "एका माडार धा मिनिटां दोर बांधूक लागली, तर चाळीस माड कधी होतले?" मजुरी माडावर मिळते, मिनिटांवर नाही. तेव्हा उमगले, की आमची माणसे दोर नाकारतात ती छातीठोकपणाने नव्हे. सावधपणाला वेळ लागतो आणि वेळेला पैसे पडतात. नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये पाडेल्यांना यंत्राने चढायला शिकवण्याचा कार्यक्रम सुरू केला. आमच्या वाडीपर्यंत तो काही पोचला नाही.

मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरण्याचे काम करून मी चार पैसे साठवले आणि बांधकामावर वापरतात तसा अंगभर पट्टा व दोर आणला. वडिलांना म्हटले, निदान वर पोचल्यावर तरी बांधा. कोयता चालवताना एक हात गुंतलेला असतो, खरा धोका तेव्हाच. पाच-सहा हिरव्या झावळ्यांच्या देठांवरून खोडाभोवती दोर कसा घ्यायचा, ते आधी अंगणातल्या ठेंगण्या माडावर करून दाखवले. दोघेही त्या दोराला लोंबकळलो. दोर हलला नाही. वडिलांनी पट्टा चाचपून पाहिला, कितीला मिळाला ते विचारले, आणि म्हणाले, "वर पोचलंय काय बांधीन."

तसे ते बांधतात. आईच सांगते, कारण खाली नारळ गोळा करायला तीच असते. दिवसाला पाच-सहा माड कमी होतात. तिने त्याची तक्रार केलेली नाही. चढताना आणि उतरताना मात्र वडील अजून मोकळेच असतात. त्या मधल्या अंतरासाठी, मजुरी न बुडवता, काय करता येईल हे मी शोधतो आहे. आपल्यापैकी कुणाच्या गावी पाडेल्यांनी काही युक्ती काढली असेल, तर मला जरूर सांगा.