न बांधलेल्या बोटींच्या गावी

माणसाला एखादे तरी निरुपद्रवी वेड असावे. माझे वेड बोटींचे. म्हणजे बोटीत बसण्याचे नव्हे. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जातानासुद्धा माझ्या पोटात ढवळते. मी बोटी आखतो. त्याही जपानच्या, त्यातही युद्धनौका, आणि इतिहासात कधीच पाण्यावर न तरंगलेल्या! उभा जन्म ड्रॉइंग बोर्डापुढे पुलांचे नकाशे काढण्यात गेला. पेन्शनीत निघाल्यावर स्वतःचे आरमार काढले. "यांच्या बोटींना पाणी लागत नाही, फक्त चहा लागतो," असे आमच्या सौ. म्हणतात.

या खेळाला एक 'जर' लागतो. माझा 'जर' १९२२ सालचा. पहिल्या महायुद्धानंतर जपानने आठ युद्धनौका आणि आठ वेगवान क्रूझर-युद्धनौका बांधण्याचा घाट घातला होता. १९२१ साली देशाच्या खर्चाचा जवळजवळ तिसरा हिस्सा एकटे आरमार गिळत होते. ६ फेब्रुवारी १९२२ रोजी वॉशिंग्टनचा तह झाला आणि सारा बेत कोसळला. 'कागा' आणि 'अकागी' यांच्या विमानवाहू नौका झाल्या. 'तोसा' १९२५ साली समुद्रात बुडवून टाकली. शेवटच्या चार बोटींचे तर बारसेही झाले नाही. १३ ते १६ एवढे क्रमांकच कागदावर उरले. तह झालाच नसता तर? त्या चौघींचे बारसे मी केले, जपानी रिवाजाप्रमाणे जुन्या प्रांतांची नावे देऊन.

हे काम संसाराच्या अंदाजपत्रकासारखेच असते. तोफा, चिलखत आणि वेग ही तीन लेकरे. एकाला जास्त वाढले की दुसरे उपाशी. एक तोफघर वाढवा, की बोट लांबते. लांबली की चिलखत वाढते. वजन वाढले की इंजिने मोठी हवीत. आणि शेवटी कळते, की एवढी बोट मावेल अशी गोदीच नाही! असा हिशेब जुळवता जुळवता माझी रात्र कशी सरते ते कळत नाही.

चिरंजीव नोकरीनिमित्त ओसाकाला होते. २०१९ च्या शरदात आम्ही उभयता तिकडे गेलो, तेव्हा मी हट्टाने कुरे गाठले. हिरोशिमाहून गाडी समुद्राच्या कडेकडेने जाते. डोंगर, बेटे आणि निवांत पाणी. थेट आपले कोकण! मात्र १९३७ साली इथे 'यामातो'चे बांधकाम सुरू झाले, तेव्हा समुद्राकडच्या खिडक्या बंद ठेवाव्या लागत, असे सांगतात. इतके ते गुपित होते.

स्टेशनाजवळच्या संग्रहालयात 'यामातो'ची एक-दशांश प्रतिकृती आहे. तीसुद्धा २६ मीटरांहून लांब! ४६ सेंटिमीटर व्यासाच्या नऊ तोफा. एकेक गोळा दीड टनाच्या घरातला, ४० किलोमीटरांपलीकडे जाणारा. मी भान हरपून आकडे सांगत होतो. सौ. म्हणाल्या, "आणि एवढ्या माणसांचा स्वयंपाक कुठे होत असे?"

मी गप्प. 'यामातो'वर लिंबूसरबत करण्याचे यंत्रसुद्धा होते. पण माझ्या चारही बोटींवर स्वयंपाकघरच नव्हते!

दुपारी नागासाको इथल्या जुन्या आरमारी दफनभूमीत गेलो. टेकडीच्या उतारावर 'यामातो'च्या मृतांचे स्मारक आहे. ७ एप्रिल १९४५ रोजी ओकिनावाकडे निघालेली ती बोट अमेरिकन विमानांनी सुमारे दोन तासांत बुडवली. तीन हजारांवर माणसांपैकी तीनशेही वाचली नाहीत.

एक वृद्ध गृहस्थ तिथे फुले ठेवत होते. थोरला भाऊ त्या बोटीवर होता, म्हणाले. चिरंजीवांनी कौतुकाने सांगून टाकले, "आमचे बाबा युद्धनौका आखतात." म्हातारबुवांनी माझ्याकडे पाहून विचारले, "माणसे किती असतात त्यांवर?"

"दोन हजार आठशे." आकडा जिभेवर होता, तो मी शाळकरी मुलाच्या तत्परतेने सांगितला. त्यांनी हलकेच मान लववली आणि पुन्हा फुलांकडे वळले. मला मात्र कान धरून उठाबशा काढाव्याशा वाटले. तक्त्याच्या शेवटच्या ओळीत मी रोज किती सहज माणसे भरत होतो!

परतताना एका चढावरून जुनी गोदी पाहिली. 'यामातो'च्या गोदीवरचे छप्पर अजून उभे होते. युद्धानंतर, १९५१ पासून, हे कारखाने एका अमेरिकन कंपनीने भाड्याने घेतले आणि तेलवाहू जहाजे बांधली. १९५९ साली कुरेत तयार झालेले 'युनिव्हर्स अपोलो' हे लाख टनांहून अधिक माल वाहणारे जगातले पहिले जहाज. त्यावर एकही तोफ नव्हती. मी 'जर-तर' कागदावर मांडत बसलो होतो; या गावाने ते पोलादात मांडून दाखवले होते.

घरी आल्यावर बोर्डावर नवा कागद लावला. तेलवाहू जहाज आहे. खलाशी किती, ते अजून ठरायचे आहे. पण या वेळी स्वयंपाकघर आधी काढले. सौ.ना दाखवले. चष्मा लावून त्यांनी बारकाईने पाहिले आणि म्हणाल्या, "ओटा जरा बुटका झालाय."