पोवळं दगड नसतं!

आमची हुपरी म्हणजे चांदीचं गाव. घरोघरी तार ओढणं, घुंगरू जोडणं, पैंजणांना पॉलिश करणं चालू असतं. समुद्र मात्र लांब, घाटाखाली. त्यामुळे आमची वीस पोरं शास्त्राच्या सहलीला मालवणला निघाली, तेव्हा निम्म्यांनी समुद्र फक्त टीव्हीवरच पाहिला होता.

राधानगरी मागे टाकून फोंडा घाट उतरलो. कणकवलीपर्यंत गाण्यांच्या भेंड्या संपल्या आणि मालवणच्या जेट्टीवर सगळे एकदम गप्प झाले. समोर सिंधुदुर्ग किल्ला! १६६४ साली शिवाजी महाराजांनी तो बांधायला घेतला, हे पोरांना पाठ होतं. पण त्याच्या भोवतीचं पाणीसुद्धा जपलेलं आहे, हे ठाऊक नव्हतं. १९८७ पासून इथे सागरी अभयारण्य आहे. राधानगरीत गवे, तसे इथे मासे आणि प्रवाळ!

बुडी मारण्याआधी प्रशिक्षकांनी सक्त ताकीद दिली, अंगावर चमकणारं काही नको. मोठे मासे त्याला भक्ष्य समजून झेपावू शकतात. झालं! हुपरीच्या पोरींच्या पायांतून पैंजणांचा ढीग निघाला. तो सांभाळायचं काम अर्थातच माझ्याकडे.

मग धडे. नळीतून तोंडानेच श्वास घ्यायचा आणि तो कधीही रोखून धरायचा नाही. खाली जाताना कान दडपतात, तेव्हा नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारायची. कारण दहा मीटर खोल गेलं, की अंगावरचा दाब दुप्पट होतो. आम्ही तेवढे खोल जाणार नव्हतो, पण कानांना चार हातांवरच कळतं!

पाण्यात बोलता येत नाही, म्हणून खुणा शिकवल्या. सातवीतल्या बारक्याचं (सगळे त्याला असंच म्हणतात) लक्ष तेव्हा होडीकडे होतं. खाली गेल्यावर पट्ट्यापट्ट्यांच्या माशांचा थवा बघून गड्याने खुशीत अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर न्या’! प्रशिक्षकांनी त्याला लगेच वर आणलं. “सर, मी ‘लई भारी’ म्हणत होतो!” बारक्या रडकुंडीला आला. बिचाऱ्याला पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं.

दुसऱ्या बुडीत मीही होतो. पाणी थोडं गढूळच होतं, सिनेमातल्यासारखं निळंशार नव्हे. पण खडकावर मेंदूसारख्या वळ्यांचे गोल गड्डे दिसले. प्रवाळ! प्रत्येक गड्ड्यावर हजारो इवलेसे जीव दाटीने राहतात आणि आपल्याखाली चुनखडीचं घर बांधत जातात. असा गड्डा वर्षाला साधारण एक सेंटिमीटरच वाढतो. म्हणजे तिथला भोपळ्याएवढा गड्डा बारक्यापेक्षा वयाने मोठा!

या जिवांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. तेच त्यांना रंग देतं आणि बरंचसं अन्नही. समुद्र फार तापला, की प्रवाळ या भाडेकरूला बाहेर काढतो आणि पांढराफटक पडतो. पाणी लवकर निवलं नाही, तर उपासमारीने मरतो. १९९८ मध्ये जगभर असं झालं होतं. २०२४ साली शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की ही जागतिक आपत्ती चौथ्यांदा आली आहे.

संध्याकाळी किनाऱ्यावर बारक्याचा खिसा फुगलेला दिसला. आत प्रवाळाचा तुटका तुकडा. “बाबांना देणार. ते अंगठीत पोवळं बसवतात.”

होडीवाले काका जवळ आले. “ता दगड नाय रे झिला. जिता आसता ता.” मग त्यांनी सांगितलं, की वन्यजीव कायद्याने प्रवाळालाही संरक्षण आहे, मेलेला तुकडासुद्धा न्यायचा नाही. बारक्याने तो मुकाट्याने काकांच्या हातावर ठेवला.

परतताना त्याने विचारलं, “मग बाबांच्या डब्यातलं लाल पोवळं?” मी म्हटलं, तेही एका सागरी जिवाचाच सांगाडा. मात्र तो जीव मालवणचा नव्हे, त्याची जुनी ख्याती भूमध्य समुद्रातली.

सोमवारी त्याचे वडील शाळेच्या फाटकाशी भेटले. खिशातून कागदाची पुडी काढून त्यांनी एक लाल मणी तळहातावर घेतला.

“सर, वीस वर्षं झाली हे बसवतोय,” ते म्हणाले. “हे जित्तं होतं व्हय?”