वजन कुठं हवं?

मागच्या सेमिस्टरला माझा सेमिनार बरोबर सहाव्या मिनिटाला आडवा झाला. विषय झकास होता, ‘रायफलमध्ये धातूऐवजी कंपोझिट’. रात्रभर जागून स्लाइड केल्या होत्या. पहिल्याच स्लाइडवर घनतेचा तक्ता : पोलाद ७.८५, ॲल्युमिनियम २.७, कार्बन-इपॉक्सी साधारण १.६. आणि खाली ठळक अक्षरात, ‘पोलादाचे दिवस संपले!’

सर शांतपणे म्हणाले, “बरं. गोळी सुटताना चेंबरमध्ये दाब किती?”

“सुमारे ४०० मेगापास्कल सर.”

“आणि उष्णता?”

मी गप्प. नेहमीच्या इपॉक्सी रेझिनचा ताठपणा दीडशे अंशांच्या आसपासच ढिला पडायला लागतो. सलग फायरिंगमध्ये नळी त्याच्या कितीतरी पुढं जाते. शिवाय कार्बन-इपॉक्सीच्या जाडीतून उष्णता फार हळू बाहेर पडते, पोलादातून कित्येक पटींनी लवकर. सर म्हणाले, “दिवाळीनंतर परत ये. कुठला धातू चांगला हे सांगू नकोस. कुठं काय हवं ते सांग.” मागच्या बाकावरच्या हॉस्टेलच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा अर्थ हॉस्टेलवर राहणाऱ्यांना समजावून सांगायला नको.

हा विषय मी निवडला तो दादामुळे. दादा फौजेत आहे. आमच्या धारूर तालुक्यात पहाटे चार वाजता डांबरी रस्त्यावर भरतीसाठी पळणारी पोरं दिसतात, त्यातलाच तो एक. आई-बाबा ऊसतोड कामगार. दसरा-दिवाळी झाली की टोळीबरोबर कारखान्याला. आमच्याकडं ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल त्या जोडीवर मिळते. आम्ही दोघं भाऊ आजीजवळ वाढलो.

दिवाळीला घरी गेलो तर दादा सुट्टीवर आलेला. म्हटलं, चला, घरचाच तज्ज्ञ मिळाला! त्याला विचारलं, “दादा, रायफल हलकी झाली तर बरं ना?”

“चढावर अर्धा किलोसुद्धा कळतो रे,” तो म्हणाला. “पण फायर करताना फार हलकी नको. खांद्याला मारते.”

मी वहीत गणित मांडलं. गोळी आणि वायू जेवढा संवेग पुढं नेतात तेवढाच रायफल मागं घेते. म्हणजे रायफलचं वजन निम्मं केलं, तर धक्क्याची ऊर्जा दुप्पट. एकाच माणसाला चालताना हलकी हवी आणि नेम धरताना जड. आता करा डिझाइन!

मग दादानं मला जुन्या गोष्टी सांगितल्या. सैन्यात पूर्वी ७.६२ ची एसएलआर होती, लाकडी दस्त्याची, भरली की ५ किलोच्या आसपास. नंतर नव्वदच्या दशकात पुण्याच्या एआरडीईनं, म्हणजे पाषाणच्या शस्त्र संशोधन संस्थेनं, विकसित केलेली ५.५६ ची इन्सास आली. गोळी लहान, त्यामुळं तेवढ्याच वजनात जास्त गोळ्या नेता येतात. लाकडाच्या जागी प्लास्टिक आलं, मॅगझिनही आरपार दिसणारं प्लास्टिकचं. गोळ्या किती उरल्या ते बाहेरूनच दिसायचं. कल्पना नामी होती! पण १९९९ ला कारगिलच्या थंडीत ही मॅगझिन तडकल्याच्या तक्रारी आल्या.

हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. आपण स्लाइडवर ‘१.४ घनता’ लिहून मोकळे होतो. त्याच प्लास्टिकला शून्याखाली काय होतं हे कुणीतरी डोंगरावर, शत्रूसमोर शिकतं. पोलाद मार खाल्ल्यावर वाकतं, पोचा पडतो, दिसतो तरी. कंपोझिटचे थर आतल्या आत सुटतात आणि वरून रंग तसाच चकचकीत!

ही चूक सगळ्या जगानं केलेली आहे. अमेरिकेत एआर-१० रायफलच्या सुरुवातीच्या नमुन्याला वजन वाचवायला पोलादी अस्तरावर ॲल्युमिनियमची नळी बसवली होती. १९५७ च्या सुमाराला स्प्रिंगफिल्डच्या चाचणीत ती फुटली. मग नळी मुकाट पोलादाची झाली. मात्र ॲल्युमिनियमची बॉडी आणि हलका दस्ता राहिला, तो त्याच घराण्यातल्या एम-१६ पर्यंत पोचला.

आई शेजारी बसून कोयता घासत होती. चार दिवसांनी निघायचं होतं. आमचं बोलणं ऐकून म्हणाली, “आरं, कोयता लई हलका असला की हात जास्त दुखतो. वजन ऊस तोडतं, हात निस्ता दिशा देतो.”

दादा हसायला लागला. मी मात्र कोयता हातात घेतला. गावच्या लोहारानं ट्रकच्या पाट्यापासून बनवलेलं पातं, मूठ बाभळीची. जिथं घाव बसतो तिथं पोलाद, जिथं हात बसतो तिथं लाकूड. मूठ तुटली की नवी, पातं तेच. वजन पुढच्या अंगाला. माझा सेमिनार आमच्या घरात खुंटीला टांगलेला होता आणि मी तो इंटरनेटवर शोधत होतो!

आईनं मग एक प्रश्न विचारला. “आन् मंग बंदुकीचं वजन वाचलं, की पाठीवरचं वझं कमी व्हतं का?”

दादा म्हणाला, “नाही आई. तेवढ्या गोळ्या जास्त देतात.”

“मंग आमच्यावानीच,” आई म्हणाली आणि परत कोयता घासायला लागली.

दिवाळीनंतर सेमिनार परत दिला. या वेळी शीर्षक होतं, ‘वजन कुठं हवं?’ टेबलावर आईचा जुना, झिजलेला कोयता ठेवला होता. (तो पाहून वॉचमन काकांनी मला गेटवर वीस मिनिटं अडवलं होतं. सरांना फोन लावावा लागला!) चेंबर, बोल्ट, नळीचा आतला भाग : पोलाद. गाल, खांदा, हात टेकतो तिथं पॉलिमर किंवा कंपोझिट. नुसता दस्ता हलका केला तर रायफल पुढं झुकते, म्हणून तोलही मोजायचा. स्पर्धेच्या काही रायफलींत नळीला कार्बन गुंडाळतात, पण आत पोलाद असतंच. आपल्याकडचं उदाहरण म्हणून ‘अस्मी’ सांगितली. महूच्या इन्फंट्री स्कूलचे लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड आणि पुण्याच्या एआरडीईनं मिळून केलेली ही मशीन पिस्तूल २०२१ च्या जानेवारीत जाहीर झाली. वरचा भाग विमानाच्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा. ती रायफल नाही, पण वाटणी तीच.

सरांनी एकच प्रश्न विचारला, “थंडीतली चाचणी?” मी म्हटलं, “सर, पहिली तीच.” सरांनी मान हलवली आणि सही केली.

दादा परत गेला तेव्हा एसटी स्टँडवर त्याला सोडायला गेलो होतो. आई-बाबा त्याच्या दोन दिवस आधीच ट्रॅक्टरमधून कारखान्याकडं गेले होते. जाताना आई म्हणाली होती, “तू त्या बंदुकीचं जे काय करशील ते कर. पर ह्येच्या हातात दगा देईल असलं काही करू नको.”

माझ्या फायनल इयर प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर मी ते लिहून ठेवलंय, आईच्याच शब्दांत.